पगडी आली, पण डोळे गेले

पत्र: गेल्या वर्षी ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळ्याला गेलो होतो. कॅमेरा साधा आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. सहाशेच्या वर फोटो काढले. अंगरखे, शेले, शस्त्रं छान आली, पण मुंडाशाखालचे चेहरे काळे पडले. दांडपट्टा एकतर हवेत गोठलेला, नाहीतर सगळा फोटोच हललेला. भगवा रंग सपाट झालाय, कापडाची घडीसुद्धा दिसत नाही. आणि प्रत्येक मावळ्याच्या मागे मोबाईल धरलेले हात. यंदा पुन्हा जातोय. काय बदलू? मोठी लेन्स घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर:

लेन्स घेऊ नका. तुमच्याकडे आहेत त्या दोन लेन्समध्ये या सोहळ्याचं सगळं काम होतं. खर्च करायचाच असेल तर एक एनडी-८ फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये शिरणारा उजेड एक-अष्टमांश करणारी गडद काच, घ्या (लेन्सच्या तोंडावर, तिरकी रेघ मारलेल्या गोलापुढे जो आकडा असतो त्या मापाचा), एक जादा बॅटरी घ्या आणि उरलेल्या पैशांत आदल्या दिवशी वर मुक्कामाची सोय करा. तुमचे फोटो बिघडले ते चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे. ते सुधारता येतं.

आधी चेहऱ्यांचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर येतं. रायगड सव्वाअठरा उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. ६ जूनला सूर्य साडेबावीस अंश उत्तरेपर्यंत सरकलेला असतो. म्हणजे त्या दिवशी माध्यान्हीला तो जवळजवळ माथ्यावर येतो, तोही किंचित उत्तरेकडे कललेला. ही माध्यान्ह घड्याळात बाराला येत नाही, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी येते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि गड त्याच्या नऊ अंश पश्चिमेला, म्हणून. अशा उन्हात मुंडाशाचा वेढा कपाळाच्या दोन बोटं जरी पुढे आलेला असला तरी त्याची सावली भुवया, डोळे ओलांडून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरते. खाली अंगरखा पांढराशुभ्र आणि त्यावर थेट ऊन. कॅमेरा तो अंगरखा सांभाळायला जातो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. नंतर संगणकावर त्या उजळल्या तर दाणेदार, राखाडी कातडी मिळते. त्या वेळी तिथे उजेडच नव्हता, तो मागाहून आणता येत नाही.

यावर गडावर करता येण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे, चेहरे टिपा. आखूड असेल तर चेहऱ्यांचा नाद सोडा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ही सीमा सकाळी साडेनऊच्या जरा आधी आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास येते. मधल्या सहा तासांत खेळ, मिरवणूक, गर्दी, पालखी टिपा. जवळून काढायचे चेहरे सकाळ-संध्याकाळसाठी राखून ठेवा. ढग आले तर हा नियम शिथिल होतो. पातळ ढगातली दुपार चेहऱ्यांसाठी फार सुंदर असते, ती वाया घालवू नका.

माध्यान्हीला चेहरा काढायचीच वेळ आली तर तीन उपाय आहेत. पहिला आणि सगळ्यात चांगला म्हणजे सावलीची कड. कुठल्याही भिंतीच्या, दरवाजाच्या, मंडपाच्या सावलीत माणसाला कडेपासून दोनच पावलं आत उभं करा, तोंड उजेडाकडे. समोरच्या उन्हातल्या जमिनीवरून उजेड उसळून हनुवटीखालून वर चढतो आणि डोळ्यांत चमक येते. तीच सावली चार-पाच पावलं आत गेलं की मेलेली असते. दुसरा उपाय: हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा, दोन बोटंच. तेवढ्यानं पागोट्याची सावली भुवयांपर्यंत मागे सरकते आणि चेहऱ्यावर आपोआप एक करारीपणा येतो. जास्त वर घेतली तर नाकपुड्या दिसतात, म्हणून नजर मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवरच ठेवायला सांगा. तिसरा उपाय कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११, फ्लॅश दीड स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तो दीड-दोन मीटरच्या पुढे पोहोचत नाही हे लक्षात ठेवा. आणि हातात शस्त्र फिरत असलेल्या माणसावर फ्लॅश कधीही मारू नका. क्षणभर डोळे दिपले तरी पातं कुणाच्या तरी अंगावर जाऊ शकतं.

आता जागा. राजसदर पूर्वाभिमुख आहे. सिंहासनाच्या चौथऱ्यावरची मेघडंबरी पूर्वेकडे बघते आणि समोर नगारखाना. म्हणजे सकाळी उन्हं नगारखान्याच्या बाजूने येतात आणि मेघडंबरीच्या दर्शनी भागावर पडतात. अभिषेकाचे विधी तुम्हाला सकाळी समोरून, उजळलेले मिळतात. पण त्याच वेळी सिंहासनाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मावळ्यांच्या पाठीवर ऊन असतं आणि चेहरे सावलीत. त्यांना समोरून गाठायला सिंहासनाच्या बाजूला जावं लागेल, तिथे आपलं काम नाही. तुम्ही सदरेच्या बाजूला, उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या अंगाला उभे राहा. तिथून चेहऱ्याची एक कड उजळलेली आणि उरलेला भाग मऊ सावलीत, असं दिसतं. एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) गालावर मोजा, अधिक २/३ स्टॉप द्या, मागचं आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. सदर सुमारे २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद आहे. नगारखान्याच्या टोकाहून मेघडंबरीपर्यंत २५० मिमीसुद्धा अपुरी पडते. लांबून ओढून घेण्यापेक्षा उजाडायच्या आत जाऊन बाजूची जागा धरणं केव्हाही चांगलं.

पालखी सदरेवरून निघाली की होळीचा माळ, बाजारपेठ करत जगदीश्वराकडे जाते. बाजारपेठेत दोन्ही बाजूंना दुकानांची २२-२२ जोती आणि मधे ४० फुटांचा रस्ता. इथे पालखीच्या बरोबर चालू नका. बरोबर चाललात की सगळे फोटो बाजूने, खांद्याआड, गर्दीत अडकलेले येतात. वीस-पंचवीस मिनिटं आधी पुढे जा, एका जोत्याच्या पायाशी गुडघ्यावर बसा आणि पालखी तुमच्याकडे येऊ द्या. दोन्ही बाजूंच्या काळ्या दगडी रांगा नजर आपोआप पालखीपर्यंत नेतात. अवशेषांवर चढू नका. गड केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, दगड ढिले आहेत, आणि ट्रायपॉड व ड्रोन पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय वर नेऊ नयेत.

जागा आधी ठरवा, माणूस त्या जागेत येऊ द्या. मागच्या मोबाईलवाल्या हातांचा प्रश्नही यानेच सुटतो. तुम्ही मावळ्याच्या मागे धावत होतात, त्यामुळे मागे जे असेल ते येत होतं. उलट करा. आधी स्वच्छ पार्श्वभूमी शोधा: काळ्या दगडाची भिंत, धुकं, होळीच्या माळावरचं मोकळं आकाश. तिच्यासमोर थांबा. दहा मिनिटांत कुणी ना कुणी त्या चौकटीत येतंच. माळावर गुडघ्यावर बसून कॅमेरा कंबरेच्या उंचीवर आणलात तर रिंगणापलीकडची डोकी खाली जातात आणि खेळाडू आकाशावर उमटतो. इथे एक पथ्य जरूर पाळा. नऊवारीतल्या मुली लाठी-पट्टा खेळत असतील तर कॅमेरा छातीच्या उंचीच्या खाली नेऊ नका. कासोट्याच्या नऊवारीत लांब पवित्रा घेतलेली मुलगी खालच्या कोनातून कशी दिसेल याचा विचार आपण करायचा, तिला करायला लावायचा नाही. अशा वेळी ५५-२५० लावून मागे सरका आणि एफ/५.६ ला पार्श्वभूमी विरघळू द्या.

मर्दानी खेळांकडे येऊ. पट्टा, लाठी, विटा (दोरी बांधलेला भाला), फरीगदगा (ढाल-काठी) ही सगळी वेगवेगळी चालतात आणि तुम्ही शस्त्र बघून शटर स्पीड ठरवला नाहीत, असं पत्रावरून दिसतं.

हिशोब असा. पात्याचं टोक सेकंदाला १० मीटर वेगानं गेलं असं धरू. १/१००० ला ते एक सेंटिमीटर सरकतं, म्हणजे गोठतं. १/६० ला सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे धड गोठलेलं नाही, धड वर्तुळही नाही, नुसती चूक वाटते. १/३० ला ३३ सेंटिमीटरची चकाकती रेघ उमटते आणि वेग दिसायला लागतो. पण १/३० ला खेळाडूचं अंगही हलतं, म्हणून कुठल्या शस्त्रावर हा प्रयोग करायचा ते कळलं पाहिजे. दांडपट्ट्यात मनगट खोबळ्यात (मुठीवरच्या धातूच्या कोषात) बंद असतं. ते वळत नाही, म्हणून फेक खांद्यातून आणि कोपरातून येते आणि सगळं धड, मान, चेहरा तिच्याबरोबर फिरतो. पट्ट्याला संथ शटर लावलंत की चेहरा पुसला गेलाच. लाठीचं उलट आहे. ती मनगटावर आणि बोटांत फिरते, खेळाडूचे पाय रोवलेले, धड जवळजवळ स्थिर. म्हणून फिरण्याचा वेग दाखवायचा असेल तर लाठी पकडा, १/३०, आणि दहा-पंधरा फ्रेममधली एक अशी मिळेल की डोळे धारदार आणि भोवती लाठीचा पुसट पंखा. भर उन्हात १/३० ला आयएसओ १०० वरही अपर्चर एफ/२९ लागेल, तिथे सगळं मऊ पडतं. एनडी-८ लावला की तेच एफ/१० वर येतं. फिल्टर घ्या म्हटलं ते यासाठी. ढगाळ हवेत त्याची गरज नाही.

दांडपट्टा गोठवा. १/१६०० किंवा त्याहून जलद, एफ/५.६, उन्हात आयएसओ २००, ढगात १६००. २०२४ साली राज्यशस्त्राचा मान मिळालेलं हे शस्त्र त्याच्या वळणामुळे देखणं आहे. लवचीक पातं फेकीच्या टोकाला वाकतं, ती कमान फोटोत आली पाहिजे. फक्त गोठलेला पट्टा तुम्हाला निर्जीव वाटला याचं कारण शटर नाही, क्षण. पातं खेळाडूच्या अंगाजवळून जात असताना बटण दाबलं तर तो हातात पट्टी धरून उभा असल्यासारखा दिसतो. फेक सुटताना किंवा संपताना, हात पूर्ण लांब आणि पुढचा गुडघा वाकलेला असताना दाबा. हा क्षण कानांनी ओळखा. खेळ हलगी-घुमक्याच्या तालावर चालतो, आणि दोन-तीन मिनिटं नुसतं ऐकलंत तर कुठल्या ठोक्याला हात सुटतो ते बोटांना कळायला लागतं. बर्स्टवर (बटण दाबून ठेवून सलग फोटो) विसंबू नका. साध्या कॅमेऱ्यात सेकंदाला पाच फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये एक पंचमांश सेकंद, तेवढ्यात पट्टा दोन मीटर गेलेला असतो. शिवाय रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मोठ्या, कच्च्या फाइलमध्ये) सलग दाबून ठेवलं की काही सेकंदांत कॅमेरा अडतो आणि खेळाडू पट्ट्यानं लिंबू कापून दाखवतो ते नेमकं त्याच वेळी कापलं जातं. तीन-तीन फ्रेमचे छोटे झटके द्या.

लिंबाचा फोटो हवा असेल तर आधी लिंबावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका. ऑटोफोकस मधे आलेल्या पात्यावर किंवा हातावर उडी मारतो. पट्टा वर गेला की दाबा. खाली येताना दिसल्यावर दाबलंत तर उशीर झालेला असतो. एरवी ऑटोफोकस सलग मोडवर, पण एकच बिंदू निवडून तो कमरबंदाच्या वर, छातीवर किंवा थेट चेहऱ्यावर ठेवा. चेहरा आपोआप शोधणारी सोय शस्त्रं आडवी जायला लागली की गोंधळते.

अंतर: रिंगणापासून १० मीटरवर उभे असाल तर ५५ मिमीला, कॅमेरा आडवा धरून, साधारण ४ बाय २.७ मीटरचा भाग दिसतो. पट्ट्याच्या पूर्ण फेकीसह एक खेळाडू त्यात मावतो. २०० मिमीला, कॅमेरा उभा धरून, साधारण १.१ मीटर उंची मिळते, म्हणजे कमरेपासून मुंडाशापर्यंत. एवढे दोन आकडे लक्षात ठेवलेत तर रिंगणात घुसायचा मोह होणार नाही. हात, खोबळा, पातं आणि एक पाऊल मिळून खेळाडूची पोच सात-आठ फूट सहज होते. पंधरा फुटांच्या आत जाऊ नका. विट्याला मनगटाशी बांधलेली दोरी असते, फेकलेला विटा परत खेचला जातो, तेव्हा त्याच्या रेषेत तर मुळीच बसू नका. डोळा कॅमेऱ्याला लावला की बाजूचं काही दिसत नाही. सोबत्याला तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायला सांगा, त्यानं मागे ओढलं की निमूट मागे यायचं.

भगव्याचं दुखणं वेगळं आहे. भगव्या कापडात लाल रंग इतका जास्त असतो की उन्हात कॅमेऱ्याची लाल वाहिनी काठोकाठ भरते, तेव्हा हिरवी आणि निळी अजून अर्ध्यावर असतात. पडद्यावरचा एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ‘सगळं ठीक’ दाखवतो, आणि घरी आल्यावर ध्वज म्हणजे नारिंगी कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो. लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारी सेटिंग चालू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला की एक्सपोजर १/३ ते २/३ खाली घ्या. जेपेगमध्ये काढत असाल तर रंग गडद करणारी ‘व्हिव्हिड’ शैली बंद करून ‘न्यूट्रल’ लावा. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर ठेवू नका. चौकट भगव्यानं भरली की कॅमेरा ते ‘दुरुस्त’ करायला जातो आणि मावळ्यांचे चेहरे निळसर पडतात. ऊन असेल तर ऊन, ढग असतील तर ढग, असं हातानं ठरवा. एवढं केलंत तर ध्वजाच्या कापडाची वीण आणि शेल्याच्या जरीचा एकेक काठ परत मिळेल.

हवा कशीही बदलू शकते. पाऊस कोकणात पोहोचायचे हेच दिवस, आणि वर धुकं तासाभरात दाटतं आणि विरतं. धुक्याला घाबरू नका, ते मागची सगळी गर्दी पुसून टाकतं. तीन ते पाच मीटरवरचा माणूस घ्या, एक्सपोजर अधिक २/३ ते १ द्या (नाहीतर कॅमेरा धुकं राखाडी करतो), आणि फोकस मुंडाशाच्या काठावर किंवा दाढीच्या कडेवर धरा, तिथे त्याला पकडायला रेघ मिळते. पावसासाठी जाड पारदर्शक पिशवी, एका कोपऱ्याला भोक पाडून लेन्स हूडवर रबरानं घट्ट बसवलेली, पुरते. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नका. अर्धा तास बॅग बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव धरतं. गुलाल-भंडारा उधळत असतील तिथे लेन्स बदलू नका, आणि काचेवर बसलेली पूड कापडानं पुसू नका, ब्लोअरनं उडवा. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच ठेवलात तर पावसाळाभरात बुरशी धरेल. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

शेवटचं, पण चेहऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगाचं. हे लोक वेश भाड्यानं आणून उभे राहिलेले नाहीत. बहुतेक जण तालमीत वर्षानुवर्षं वस्तादांच्या हाताखाली घडलेले असतात. ५ जूनला संध्याकाळी वर पोहोचा. पथकाच्या वस्तादांना जय शिवराय घालून विचारा, ‘वस्ताद, उद्या खेळ कुठे आणि किती वाजता? आज उन्हं उतरल्यावर पोरांचे दोन-दोन फोटो काढू का?’ मुलं लहान असतील तर आईवडिलांनाही विचारा. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाचा उजेड, खेळाडू निवांत, मागे गर्दी नाही. त्याच वेळी हळूच सांगता येतं, ‘दादा, मनगटावरचं घड्याळ तेवढं काढता का, ताई, गळ्यातलं ओळखपत्र जरा शेल्याखाली घ्याल?’ भर सोहळ्यात हे सांगणं बरं दिसत नाही. विधी चालू असताना मात्र कुणाला काही सांगायचं नाही, जे समोर आहे तेच टिपायचं, आणि मेघडंबरीकडे पाठ करून फोटोसाठी कुणाला उभं करायचं नाही.

गडावर जाण्याआधी तारखेचा सोहळा आहे की तिथीचा ते पाहून घ्या. १६७४ साली ६ जूनला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती, आता ती तिथी दरवर्षी वेगळ्या दिवशी येते. आणि वस्तादांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर घेतलात तर आठवडाभरात फोटो पाठवा, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे आकार लहान होत नाही. पथकातल्या एखाद्या मुलीला पट्ट्याच्या फेकीत आपला पाय कुठे पडतो ते त्यात दिसेल इतकं मोठं.